खिडकी कुठल्या बाजूला उघडते?

मलेशियातल्या पेनांग बेटावर जॉर्ज टाउन नावाचं जुनं गाव आहे. तिथलं हॉटेल शोधायला बसलं की बुकिंगच्या पानावर दोन शब्द पुन्हा पुन्हा दिसतात : 'नो विंडो'. खोलीला खिडकी नाही. आपल्याकडे कुणी असं उघड लिहीत नाही, त्यामुळे पहिल्यांदा वाचणारा बिचकतो आणि पुढचं हॉटेल उघडतो. वास्तविक हॉटेलवाल्यानं त्याला खरं तेच सांगितलेलं असतं. या गावातली घरं ज्या रीतीनं बांधली गेली, त्या रीतीत मधल्या खोल्यांना रस्त्याकडे किंवा गल्लीकडे खिडकी काढायला जागाच नव्हती.

परदेशात खिशाला झेपेल असं, तरीही स्वतःचा चेहरामोहरा असलेलं हॉटेल शोधताना आपण दर बघतो, लोकांनी दिलेले गुण बघतो, ब्रेकफास्ट आहे का ते बघतो. इमारत मुळात कुणी, कशासाठी, कशी बांधली, हे मात्र क्वचितच बघतो. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी. जुन्या वास्तूतल्या हॉटेलात जे सुख मिळतं ते तिच्या रचनेतून येतं आणि जी गैरसोय होते तीही तिथूनच येते. रचना एकदा समजली की कुठली खोली मागायची, काय विचारायचं आणि कशाची तक्रार करण्यात अर्थ नाही, हे आपोआप कळत जातं. हॉटेलचं नाव त्यानंतर ठरवलं तरी चालतं.

हे सगळं समजून घ्यायला जॉर्ज टाउनइतकी सोयीची जागा मला दुसरी सुचत नाही. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पासपोर्टवर मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. ही सवलत मुदतीची आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी ती चालू आहे ना ते पाहून घ्यावं, आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं. चेन्नईहून पेनांगला थेट विमान आहे. मुंबईहून जाणाऱ्याला क्वालालंपूर किंवा सिंगापूर सोयीचं पडतं. मुख्य म्हणजे इथे रात्रीला 200 ते 400 रिंगिटांत शंभर वर्षांपूर्वीच्या घरातली नीट दुरुस्त केलेली खोली मिळू शकते. रिंगिटचे ढोबळमानानं वीस-बावीस रुपये धरले, तर हा खर्च चार ते नऊ हजारांच्या दरम्यान बसतो. एवढ्या पैशात पश्चिम युरोपातल्या एखाद्या राजधानीत गावाच्या मध्यावर धड खोली मिळणं मुश्कील आहे.

1786 साली फ्रान्सिस लाइटनं ईस्ट इंडिया कंपनीसाठी या बेटावर ठाणं वसवलं. 1805 मध्ये तर पेनांगला बंगाल, मद्रास आणि मुंबईच्या जोडीनं हिंदुस्थानातल्या चौथ्या इलाख्याचा दर्जा मिळाला होता. बंदरावर जकात नव्हती, त्यामुळे फुजियानमधले चिनी व्यापारी, तमिळ मुसलमान, सुमात्रातले आचेनी, आर्मेनियन असे सगळे इथे येऊन स्थिरावले. आर्मेनियन स्ट्रीट, चुलिया स्ट्रीट, आचीन स्ट्रीट ही रस्त्यांची नावं अजून तीच आहेत. या लोकांनी खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी जी घरं बांधली, त्यांना शॉपहाउस म्हणतात. आज ज्याला हेरिटेज हॉटेल म्हणून तुम्ही पैसे मोजता, ते बहुतेक वेळा एक शॉपहाउस असतं किंवा मधल्या भिंतीत दारं काढून जोडलेली दोन-तीन शॉपहाउसेस.

या घराचं तोंड अरुंद असतं, जेमतेम सोळा ते वीस फूट. आत मात्र ते शंभर फूट, कधी त्याहूनही लांब जातं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक. एका भिंतीवरून दुसरीवर टाकलेली लाकडी तुळई जेवढा पल्ला पेलेल, तेवढीच घराची रुंदी ठेवणं भाग होतं. शिवाय बाजारपेठेतल्या रस्त्यावरची दर्शनी जागा महाग. दारासमोर पाच फुटांची छत असलेली पडवी लागते. सिंगापूरच्या 1822 च्या नगररचनेत कंपनीचा तिथला अधिकारी रॅफल्स यानं प्रत्येक घरापुढे असा आच्छादित रस्ता ठेवायला लावला आणि पुढे ही पद्धत या सगळ्या बंदरांत रुळली. पडवीतून आत गेलं की दुकानाची जागा, तिच्यामागे वर आकाशाला उघडा असलेला चौक, चौकामागे खोल्या, मग स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी मागच्या बोळाला लागून संडास.

हा चौक म्हणजे एअरवेल. पुण्या-नाशिकच्या वाड्यातला चौक डोळ्यांसमोर आणा आणि तो चार-पाच पावलांत ओलांडता येईल इतका आक्रसून टाका. उजेड, वारा आणि पाऊस घरात येण्याची हीच एक वाट. लांबलचक घराच्या पोटातली गरम हवा इथूनच वर निघून जाते.

आता या घराचं हॉटेल करायचं म्हटलं की खोल्या कुठे निघतील? वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला जी निघते ती सगळ्यांत देखणी. पूर्वी घरातली मुख्य माणसं इथे राहत. झडपांच्या उंच खिडक्या, उंच छत, पायाखाली रुंद फळ्या. जाहिरातीतले फोटो जवळजवळ नेहमी याच खोलीचे असतात. पण झडपांच्या वर वारा खेळावा म्हणून जी जाळी ठेवलेली असते, तिच्यातून रस्ताही आत येतो. रात्री उशिरापर्यंत हॉकरच्या गाड्यांवरची भांडी वाजतात, पहाटे अजान होते आणि सातच्या आधी मोटरसायकली सुरू होतात. ज्याला हे सगळं हवंहवंसं वाटतं, त्यानं हीच खोली घ्यावी आणि जास्तीचे पैसे आनंदानं द्यावेत.

मधल्या खोलीची खिडकी एअरवेलमध्ये उघडते, किंवा तिला खिडकी नसतेच. रस्त्याचा आवाज इथे येत नाही आणि भर दुपारीही गारवा टिकतो. मात्र समोरच्या खोलीची खिडकी हातभर अंतरावर असल्यामुळे पडदा कायम ओढलेला राहतो आणि खाली रिसेप्शनवर चाललेलं बोलणं चौकातून थेट उशाशी पोहोचतं. दिवसभर भटकून फक्त झोपायला येणाऱ्याला एवढं चालतं, शिवाय ही खोली स्वस्तही असते. मुलाबाळांसह दुपारी परतून दोन तास आराम करणाऱ्या कुटुंबानं मात्र ती घेऊ नये. बाहेर ऊन आहे की पाऊस हेही कळत नाही, अशा खोलीत तिसऱ्या दिवशी जीव गुदमरायला लागतो.

मागची खोली स्वयंपाकघराच्या वर किंवा नव्यानं बांधलेल्या भागात असते. तिच्यात कोरीव काम नसतं, फोटोतही ती फारशी दिसत नाही. पण ती शांत असते आणि बांधकाम नवं असेल तर बाथरूमही नीट असतं. दोनच रात्री राहायचं असेल तर मी पुढची खोली मागेन, आठवडाभर राहायचं असेल तर मागची. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी तळमजल्यावरची मागची खोली, मग तिथे थोडी ओल असली तरी. कारण शॉपहाउसचा जिना अरुंद आणि अंगावर येणारा असतो आणि दोन मजल्यांच्या या घरांत लिफ्ट सहसा नसते. वीस-बावीस किलोची बॅग त्या जिन्यावरून चढवताना पाठ धरण्यापेक्षा कोरीव खिडकीचा मोह सोडलेला बरा.

आवाजाचा आणखी एक प्रकार फोटोत दिसत नाही. जुन्या घरात वरच्या मजल्याची जमीन म्हणजेच खालच्या खोलीचं छत. तुळयांवर फळ्या ठोकलेल्या असतात, मध्ये काही नाही. वरच्या पाहुण्यानं पहाटेचं विमान पकडण्यासाठी बॅग ओढली की ती तुमच्या डोक्यावरूनच जाते. हॉटेल चांगलं असो वा वाईट, हे होणारच. म्हणून तळमजल्याची गरज नसेल तर खोली सर्वांत वरच्या मजल्यावरची मागावी.

बाथरूमचंही तसंच. मूळ घरात खोलीला लागून न्हाणीघर नव्हतंच, ते नंतर बसवलं गेलं. तुळया आणि कोरीव काम झाकलं जाऊ नये म्हणून कित्येक हॉटेलांत बाथरूमच्या भिंती छतापर्यंत नेत नाहीत, वरचे दोन-तीन फूट मोकळे ठेवतात. कुठे काचेचा आडोसा असतो, कुठे नुसता पडदा. नवरा-बायकोला याचं काही वाटणार नाही. सासूबाई किंवा मोठा मुलगा त्याच खोलीत असेल तर मात्र सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं, आणि तिथे पोहोचल्यावर त्याला काही इलाज नसतो. हा प्रश्न आधीच विचारायचा, त्यात संकोच करायचा नाही.

ही घरं आजवर टिकली कशी, हे समजून घेतलं तर निवड करताना मदत होते. 1948 पूर्वी बांधलेल्या घरांना मलेशियात भाडे नियंत्रण लागू होतं. 1966 च्या कायद्यानं ते पुढे चालू ठेवलं. भाडं इतकं कमी की मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि भाडेकरू हलवता येत नसल्यामुळे पाडून नवं बांधताही येईना. पागडीच्या चाळीत वाढलेल्या मुंबईकराला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मलेशियानं हा कायदा रद्द केला आणि 1 जानेवारी 2000 पासून भाडी मोकळी झाली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 31 मार्च 2000 रोजी महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात आला. त्यानं जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम ठेवलं. जॉर्ज टाउनमध्ये मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबं आणि कारागीर भाडं झेपेना म्हणून गाव सोडून गेले, घरं ओस पडली. काही घरांत तर खाद्य घरट्यांच्या व्यापारासाठी पाकोळ्या पाळल्या जात होत्या. जुलै 2008 मध्ये मलाक्काबरोबर जॉर्ज टाउनचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. मग भांडवल आलं आणि रिकाम्या घरांची एकामागून एक हॉटेलं होऊ लागली.

म्हणजे आपण ज्या खोलीत झोपणार, तिथे अगदी अलीकडेपर्यंत कुणाचा तरी संसार होता. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते आणि हॉटेल निवडताना मी ती विचारात घेतो. ज्या गल्लीत अजून कुणी राहतंय, पडवीत कपडे वाळत घातलेत, शेजारी उदबत्त्या करणारा किंवा सायकल दुरुस्त करणारा टिकून आहे, तिथलं हॉटेल मी आधी बघतो. अख्खी रांगच्या रांग हॉटेल आणि कॅफे झालेल्या गल्लीत संध्याकाळी दिवे सुंदर लागतात, पण गाव भेटत नाही.

दुरुस्ती मन लावून केली आहे की वरवर, हेही फोटोवरून बरंचसं ओळखता येतं. आधी एअरवेल शोधायचा. तो उघडा ठेवला असेल, निदान हवा जाईल असा झाकला असेल, तर मालकाला घर कळलेलं आहे. त्यावर काच बसवून खाली एसी लॉबी केली असेल तर घराचं श्वास घेणंच बंद झालं, आणि अशा हॉटेलांबद्दल लिहिताना पाहुण्यांच्या शब्दांत 'कुबट वास' हमखास येतो. भिंतीही नीट पाहाव्यात. जुन्या विटांना चुन्याचा गिलावा लागतो, तो ओल बाहेर टाकतो. वरून सिमेंट फासलं की ओल आत कोंडते आणि रंगाचे पोपडे निघतात. चुन्याच्या भिंतीवर थोडे डाग दिसले तर ते दुर्लक्षाचं लक्षण समजू नये.

या सगळ्याचा वस्तुपाठ गिरवायला लीथ स्ट्रीटवरची चिओंग फॅट झे या चिनी व्यापाऱ्याची निळी हवेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बांधलेली, पाच चौकांची. तिचा निळा रंग म्हणजे चुन्यात कालवलेली नीळ. खाजगी पैशानं केलेल्या तिच्या जीर्णोद्धाराला 2000 साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. तिथेही हॉटेल आहे, पण त्याचा दर वर धरलेल्या मर्यादेबाहेर जातो. राहायचं दुसरीकडे आणि पहिल्या दिवशी तिकीट काढून हवेली मार्गदर्शकाबरोबर फिरून पाहायची. मग आपल्या साध्या हॉटेलातला चौक, नक्षीच्या फरश्या यांची संगती लागते. समुद्रकाठचं ईस्टर्न अँड ओरिएंटल हे 1885 मध्ये सार्कीज बंधूंनी सुरू केलेलं हॉटेल वेगळ्याच थाटाचं. तिथे चहा घेऊन यावं.

आता गल्ली. गावाचा जुना गाभा जेमतेम 109 हेक्टरांचा, चालत सहज फिरता येणारा. त्यामुळे अमुक ठिकाणापासून किती मीटर हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. रात्री तिथे काय चालतं, हे महत्त्वाचं. चुलिया स्ट्रीट आणि लव्ह लेनच्या परिसरात बार आहेत, तिथे गाणी उशिरापर्यंत चालतात. आर्मेनियन स्ट्रीटवर दिवसभर भिंतीवरची चित्रं पाहणाऱ्यांची रीघ असते. 2012 मध्ये चित्रकार अर्नेस्ट झकारेविचनं काढलेली सायकलवरची मुलं तिथेच आहेत. संध्याकाळी मात्र ती गल्ली शांत होते. मुंत्री स्ट्रीट आणि स्टुअर्ट लेन मला राहायला जास्त आवडतात.

शाकाहारी मंडळींनी लिटल इंडियाचा विचार जरूर करावा. क्वीन स्ट्रीटवरचं मारिअम्मनचं देऊळ 1833 चं, आणि आसपास केळीच्या पानावर जेवण मिळतं. पण मोठ्यानं गाणी लावणाऱ्या दुकानांसमोर राहण्यापेक्षा दोन गल्ल्या सोडून राहावं आणि जेवायला तिकडे यावं. हॉटेलचा ब्रेकफास्ट बहुधा टोस्ट, अंडी आणि काया. हा काया म्हणजे नारळाच्या दुधाचा गोड जॅम, दिसायला निरुपद्रवी, पण त्यात अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी ब्रेकफास्टशिवायचा दर घ्यावा आणि सकाळी इडली-डोसा खायला चालत जावं; पैसेही वाचतात. खोलीत किटली आहे का, ते मात्र बघून ठेवावं.

बुकिंगच्या पानावरचं 'डिलक्स', 'सुपीरियर', 'प्रीमियर' असलं काही मनावर घेऊ नये. त्यांना कुठलंही ठरलेलं माप नाही. क्षेत्रफळाचा आकडा शोधायचा आणि त्याला पावणेअकरानं गुणायचं, म्हणजे चौरस फूट मिळतात. 15 चौरस मीटरची खोली म्हणजे 160 चौरस फूट, त्यात बाथरूमही आलं. दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवायला जमिनीवर जागा उरणार नाही, हे तिथेच लक्षात येतं. फोटोत पलंगाच्या मागे भिंतभर पडदा सोडलेला असेल तर त्यामागे खिडकी आहे असं गृहीत धरू नये. एकाच पलंगाची खोली आणि दोन सुट्या पलंगांची खोली, म्हणजे डबल आणि ट्विन, यांत गफलत करू नये. दोन मैत्रिणी किंवा बाप-लेक जाणार असतील तर हे आधी ठरवावं, कारण छोट्या हॉटेलात ट्विन खोल्या एक-दोनच असतात. काही हॉटेलं उघडा जिना आणि चौकातलं पाण्याचं कुंड यांमुळे लहान मुलांना घेत नाहीत. ती अट पानाच्या अगदी तळाशी लिहिलेली असते.

लोकांचे अभिप्राय वाचताना मी दहापैकी दहा देणाऱ्यांवर आणि एक देणाऱ्यांवर फार वेळ घालवत नाही. सहा-सात गुण देणारा माणूस शांत डोक्यानं लिहितो. त्यात वर्षभराच्या आतले अभिप्राय निवडायचे आणि कुठला शब्द परत परत येतो ते पाहायचं. 'पातळ भिंती' तीन वेगवेगळ्या देशांच्या माणसांनी लिहिलं असेल तर भिंती पातळच आहेत. शेजारी बांधकाम चालू असल्याचा उल्लेखही इथेच सापडतो. जॉर्ज टाउनमध्ये कुठलं ना कुठलं घर दुरुस्तीला काढलेलं असतंच आणि सामाईक भिंतीतून हातोड्याचा प्रत्येक घाव ऐकू येतो.

दोन-तीन हॉटेलं नक्की झाली की त्यांना सरळ मेल पाठवायचा. बहुतेक जण हे करत नाहीत, आणि मला तर यातच सगळ्यांत जास्त फायदा दिसतो. मेल चार ओळींचा पुरे. आम्ही दोघं, साठीच्या पुढचे, अमुक तारखेपासून तीन रात्री. पत्नीला जिन्याचा त्रास होतो, तर तळमजल्यावर मागच्या बाजूची खोली मिळेल का? तिची खिडकी बोळाकडे उघडते की एअरवेलकडे? बाथरूमच्या भिंती छतापर्यंत आहेत का? सध्या शेजारी काही काम चालू आहे का? एवढं विचारलं की उत्तरावरून माणूस कळतो. 'तुमची विनंती नोंदवली आहे, उपलब्धतेनुसार पाहू' असं आलं तर त्या हॉटेलात घराशी नातं असलेलं कुणी बसलेलं नाही. याउलट 'चार नंबरची खोली घ्या, खिडकी बोळाकडे आहे, पण सकाळी कचऱ्याची गाडी येते; पाच नंबर जास्त शांत आहे पण अंधारी आहे' असं उत्तर आलं तर शोध तिथेच थांबवावा. खोलीचा नंबर सांगणारा माणूस आपल्या घराची उणीव सांगायला कचरत नाही, आणि अशा माणसाकडे उतरल्यावर पुढचं सगळं सुरळीत होतं. बुकिंग करताना तो नंबर विनंतीच्या रकान्यात लिहायचा आणि मेल जपून ठेवायचा.

बुकिंग संकेतस्थळावरून करावं की थेट? संकेतस्थळं हॉटेलाकडून साधारण पंधरा ते वीस टक्के दलाली घेतात. म्हणून छोटा मालक थेट बुकिंगला काही ना काही देऊ शकतो. दर तोच ठेवून चांगली खोली देईल, ब्रेकफास्ट देईल, उशिरा चेकआउट करू देईल. विचारल्याशिवाय तो आपणहून देत नाही. दुसऱ्या बाजूला, फुकट रद्द करण्याची मुभा संकेतस्थळावर जास्त स्पष्ट असते. प्रवासाची तारीख हलण्याची थोडीही शक्यता असेल तर दहा टक्के जास्त देऊनही रद्द करता येणारा दर घ्यावा. रद्द करण्याची शेवटची वेळ हॉटेलच्या घड्याळानुसार मोजली जाते आणि मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले की तिथे तारीख बदललेली असते.

पडद्यावरचा दर हा अखेरचा दर क्वचितच असतो. मलेशियात परदेशी पाहुण्याकडून दर खोलीमागे दर रात्री 10 रिंगिट पर्यटन कर घेतात. तो सहसा काउंटरवर द्यावा लागतो. पेनांग राज्याचं दोन-तीन रिंगिटचं स्थानिक शुल्क वेगळं. मोठ्या हॉटेलांच्या बिलात सेवा कर असतो, मार्च 2024 पासून तो 8 टक्के आहे. पाच रात्रींचे साठ-पासष्ट रिंगिट सुटे काढून ठेवले की काउंटरवर चिडचिड होत नाही. कार्डानं पैसे देताना मशीन विचारतं : रुपयांत की रिंगिटमध्ये? रिंगिटच निवडावं. रुपये निवडले तर विनिमयाचा दर ते मशीन चालवणारी कंपनी ठरवते आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग असतो. बँक परकीय चलनाचे दोन ते साडेतीन टक्के वेगळे लावते, म्हणून प्रवासाआधी आपल्या कार्डाचा आकडा माहीत करून घ्यावा.

तारखांबद्दल थोडंसं. शनिवार-रविवारी क्वालालंपूरहून लोक गाडी काढून खायला पेनांगला येतात, तेव्हा दर चढतात. रविवार ते गुरुवार असा मुक्काम बसवता आला तर बघावं. चिनी नववर्षाच्या आठवड्यात खोल्या महाग आणि खाण्याची अर्धी दुकानं बंद. थैपूसम या तमिळ सणाचा सोहळा पाहायचाच असेल तर खोली महिनोन्‌महिने आधी घ्यावी. पाऊस सप्टेंबर ते नोव्हेंबर सर्वांत जास्त, जानेवारी-फेब्रुवारी कोरडे.

गाव बदललं की घर बदलतं, पण विचारायचे प्रश्न त्याच रीतीनं सुचत जातात. मोरोक्कोतल्या फेस किंवा मराकेशच्या जुन्या शहरात रियाद असतात. बाहेरून कोरी भिंत, सगळ्या खिडक्या आतल्या अंगणाकडे. तिथे बाहेरचं दृश्य मागण्यात अर्थ नाही. अंगणात रात्री जेवणाच्या पंगती चालतात का, हे विचारायचं, आणि दारापर्यंत गाडी येत नसल्यामुळे बॅगा कोण उचलणार तेही. पॅरिसच्या जुन्या इमारतीत लिफ्ट नंतर जिन्याच्या पोकळीत बसवलेली असते, त्यामुळे ती एका माणसाची आणि एका बॅगेची. फ्रान्समध्ये हॉटेलचे तारे सोयी आणि क्षेत्रफळ मोजून दिले जातात. एका ताऱ्याच्या डबल खोलीला किमान 9 चौरस मीटर आणि पाच ताऱ्यांच्या खोलीला 24. देखणेपणाचा त्यात संबंध नाही. दोन ताऱ्यांचं कुटुंबानं चालवलेलं हॉटेल चार ताऱ्यांच्या साखळी हॉटेलापेक्षा कितीतरी सुखाचं असू शकतं, मात्र उन्हाळ्यात जात असाल तर एसी आहे का ते विचारूनच ठरवावं. स्पेनमध्ये सरकारी मालकीची पारादोर हॉटेलं 1928 पासून आहेत, त्यांतली कित्येक किल्ल्यांत आणि मठांत. ग्रानादासारख्या गाजलेल्या ठिकाणी ती महाग पडतात. आडगावची आटोक्यात येतात.

पोहोचण्याच्या दोन दिवस आधी हॉटेलला विमानाची वेळ कळवावी आणि खोलीचा नंबर पुन्हा लिहावा. आठ-दहा खोल्यांच्या हॉटेलात रात्री अकरानंतर काउंटरवर कुणी नसतं, दार उघडायला माणूस थांबवावा लागतो. गेल्यावर बॅगा खालीच ठेवून आधी वर जाऊन खोली पाहावी. खिडकी उघडावी, एसी चालू करून त्याचा आवाज ऐकावा, नळ सोडून पाहावा, पलंगाच्या डोक्याकडची भिंत कुणाच्या बाथरूमला लागून आहे ते बघावं. काही खटकलं तर त्याच क्षणी, सामान सोडण्याआधी, दुसरी खोली दाखवायला सांगावं. त्या वेळी हॉटेलच्या हातात दुसरी खोली असते आणि ती द्यायला फारशी खळखळ कुणी करत नाही. पलंगावरची चादर विस्कटली, टॉवेल ओले झाले की तीच गोष्ट सांगायला दुसरा दिवस उजाडावा लागतो, आणि तोवर उरलेल्या खोल्या भरलेल्या असतात.